मांडी ही सीट नव्हे



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे घरात दोन प्रकरणं चालू होती, एक सौ.च्या गुडघ्याचं आणि दुसरं नव्या गाडीचं. पहिलं डॉक्टरांवर सोपवलं आहे. दुसऱ्याबद्दल मला मत आहे. घरच्यांचं ते ऐकून झालं, आता तुमची पाळी!

घरात आम्ही सहाजण. आम्ही दोघं, चिरंजीव, सूनबाई, सहा वर्षांची नात आणि अकरा महिन्यांचा नातू. जुनी गाडी पाच जणांची. पाच जागांत सहा माणसं कशी बसतात हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. धाकटं कुणाच्या तरी मांडीवर. आमच्याकडे ती मांडी माझी. रांजणगावच्या गणपतीला गेलो तेव्हा नातू जाताना माझ्या मांडीवर झोपला, येतानाही झोपला, आणि माझे पाय घरी येईपर्यंत बधिर. पण सुख काय ते तेच, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

तर सात जणांची, पण आकाराने लहान गाडी घ्यायची असं ठरलं. मोठी गाडी आमच्या गल्लीत वळत नाही, आणि खिशातही. दोन कंपन्यांच्या गाड्या पाहिल्या. त्यांची नावं लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते गाडीबद्दल कमी आणि आपण ती पाहतो कशी याबद्दल जास्त आहे.

पहिल्यांदा चिरंजीव एकटाच वाघोलीकडच्या शोरूममध्ये जाऊन टेस्ट ड्राइव्ह घेऊन आला. पिकअप चांगला, स्टिअरिंग हलकं, स्क्रीन मोठा. मी विचारलं, "मागे कोण बसलं होतं?" तर कुणीच नाही. सेल्समन शेजारी आणि हा चालवतोय! अहो, गाडी सात जणांची आणि परीक्षा दिली दोघांनी. चाळीस मुलांच्या वर्गातली दोन मुलं तपासून निकाल लावण्यासारखंच हे. (शिक्षक निवृत्त होतो, खोड निवृत्त होत नाही.)

म्हणून पुढच्या रविवारी गाडी घरी बोलावली. हल्ली ते गाडी घरी आणतात, हे एक बरं झालं. सेल्समन तरुण, अदबशीर मुलगा. तो आला आणि सात आकडा आपोआप भरला, आम्ही सहा आणि सातवा तो. चिरंजीव चालवायला, त्याच्या शेजारी सेल्समन, मधल्या रांगेत सौ., सूनबाई आणि मांडीवर नातवाला घेऊन मी. नात एकटी मागे. सेल्समन म्हणाला, "काका, तिसरी रांग मुलांसाठीच असते."

निघण्याआधी सूनबाई म्हणाल्या होत्या, "आबा, त्याची सीट आणायला हवी होती, ताईंकडे आहे." लहान मुलांसाठी वेगळी सीट मिळते, गाडीच्या सीटला अडकवायची, तीबद्दल त्या बोलत होत्या. मी हसून म्हणालो, "आजोबा असताना सीट कशाला?"

सणसवाडीतून शिक्रापूरच्या बाजूला निघालो. आमचा नगर रस्ता (जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण रस्त्याला आमच्या तोंडून अजून तेच नाव येतं) ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे. कारखान्यांचे कंटेनर, कामगारांच्या बसेस, उसाच्या ट्रॉल्या, आणि या सगळ्यांच्या मधून उलट दिशेने येणारे दुचाकीवाले. तसाच एक समोर आला. चिरंजीवाने कचकन ब्रेक दाबला. वेग फार नव्हता, तीस-पस्तीस असेल. मी माझा हात समोरच्या सीटवर टेकला. हे आपोआप झालं, मंडळी. पडताना माणूस स्वतःचा हात टेकतो. आणि त्या हातात नातू होता, तो सुटला. पुढच्या सीटच्या पाठीला कपाळ आपटलं. लागलं काही नाही, पाच मिनिटं रडला, मग सेल्समनच्या पेनाशी खेळायला लागला. सूनबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी साधा हिशोब केला. माझा विषय मराठी, पण जडत्व सातवी-आठवीच्या पुस्तकात असतं. चाळीसच्या वेगातली गाडी कशावर तरी आपटली आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर दहा किलोचं मूल हाताला शंभर किलोच्या वर लागतं. म्हणजे ज्वारीचं भरलेलं पोतं. सत्तरी ओलांडलेला माणूस सोडा, गावचा पैलवानसुद्धा ते मांडीवर धरून ठेवू शकणार नाही. माया कितीही असली तरी हातात तेवढं बळ नसतं.

आणि कायदाही आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट न लावता नेलं तर हजार रुपये दंड. आपल्याला तो माहीत नसतो, कारण तो कुणी मागत नाही. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, तेव्हा मागे बसणाऱ्यांच्या पट्ट्याची चर्चा महिनाभर चालली. मग सगळे विसरलो. मीही.

माझ्या नोकरीच्या काळात शाळेच्या फाटकात ऑम्नी व्हॅन उभी राहायची. दहा-बारा पोरं त्यातून उतरताना मी रोज पाहिली आहेत, दप्तरं टपावर. गाडीचा दोष नव्हता, भरणारे आपणच. तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

असो. त्यापुढच्या रविवारी दुसरी गाडी बोलावली. या वेळी ताईंकडची सीट आणली होती. ती अडकवायला गाडीच्या मधल्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्याला आयसोफिक्स म्हणतात. सेल्समनलाच त्या सापडायला दहा मिनिटं लागली! सूनबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. तान्ह्याचं तोंड मागे करून लावायची सीट असते, ती एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही ठेवायची नाही. एअरबॅग फुगली तर ती मुलाच्याच जिवावर उठते.

मुलाची सीट मधल्या रांगेत लागली की मागे जायची वाट अर्धी बंद होते. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. सौ.ला गुडघ्यामुळे मागे चढता येईना, ती पुढे बसली आणि सेल्समन माझ्या शेजारी तिसऱ्या रांगेत आला. बिचाऱ्याने बहुधा आयुष्यात पहिल्यांदा ती रांग पाहिली. मी अर्धा तास तिथे बसलो. पाटावर जेवायला बसल्यासारखे गुडघे वर. मागची काच डोक्यापासून फार लांब नाही. एसीचा वारा मात्र येत होता.

इतकी दाटी का, याचंही कारण आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना कर कमी केला, तेव्हापासून चार मीटर ही आपल्याकडची लक्ष्मणरेषा. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी 18 टक्के, त्याहून मोठीला 40. मग तेवढ्याच लांबीत तीन रांगा बसवायच्या म्हणजे काहीतरी आखडणारच. रेनॉच्या ट्रायबरचे आकडेच पाहा. सगळ्या सीट लावल्या तर डिकी 84 लिटर, मागच्या दोन काढून ठेवल्या तर 625. म्हणजे सात माणसं न्या नाहीतर त्यांचं सामान न्या. हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने बॅगा भरून टेस्ट ड्राइव्हला जावं. आम्ही दोन बॅगा, नातवाची दुपट्यांची पिशवी आणि पाण्याचा कॅन घेऊन बसलो होतो. शेजारी विचारत होते, गावाला निघालात का?

चिरंजीवाचं म्हणणं, वर्षातून चार वेळा सगळे एकत्र जाणार, त्यासाठी एवढं कशाला, पाच जणांचीच चांगली घेऊ आणि पूर्वीसारखं करू. "पूर्वीसारखं" म्हणजे माझी मांडी. मी म्हणालो, मग मला घरी ठेवा, पण त्याला मांडीवर घेणार नाही. चिडला थोडा. सूनबाईंनी त्या दिवशी मला दोनदा चहा विचारला.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या गाडीचं बुकिंग केलं. पुढे चिरंजीव आणि सौ., मधे सूनबाई, नात आणि नातवाची सीट. मागची एक सीट पाडून बॅगा आणि उरलेल्या एकीवर मी. नातीने आत्ताच सांगून ठेवलंय की आजोबा मागे असले तर तीही मागेच बसणार. तेवढा एक वाद अजून मिटायचा आहे.