कुंडींतील भाजीचें पथ्यपाणी

मागील महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आलें. गच्चीवरील कुंड्यांतील वांग्याचीं रोपें कमरेएवढीं वाढलीं आहेत, पानें रुंद व गडद हिरवीं. पण चार महिन्यांत एकहि वांगें लागलें नाहीं आणि आतां शेंड्यांवर मावा बसला आहे. "खत तर मी दर आठवड्यास न चुकतां घालतें," असें त्या शेवटीं लिहितात. त्या वाक्यांतच त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आहे. मात्र तें मोठ्या शहाणपणाचा आव आणून सांगण्याचा मला अधिकार नाहीं, कारण हीच चूक आमच्या घरीं घडली आहे.

आमचें कुटुंब नऊ माणसांचें. वाडा सोडून चौथ्या मजल्यावर राहावयास आलों, तेव्हां सासूबाईंनीं परसांतल्या वांग्याचें बीं पुडींत बांधून आणलें होतें. त्यांच्या सासूबाईंपासून जपलेलें तें बीं. भरल्या वांग्यासाठीं दुसरें त्यांना चालत नसे. पुडी जुनी झालेली, चारच बिया रुजल्या. त्या चार रोपांचे मग सर्वांनीं लाड आरंभिले. मामंजी सकाळीं चहाचा चोथा घालीत, जाऊबाई तांदुळाचें धुवण, भाऊजींनीं युरिया आणला आणि मीं पेंडीचें पाणी ओतलें. एकानें काय घातलें हें दुसऱ्यास ठाऊक नसे. पंधरा दिवसांत मातीवर पांढरा पापुद्रा धरला, पानांच्या कडा करपल्या. आम्हांस वाटलें, रोपें उपाशी आहेत. म्हणून आणखी खत घातलें. तीन रोपें गेलीं. सासूबाई कोणास कांहीं बोलल्या नाहींत. चौथी कुंडी मात्र त्यांनीं उचलवून आपल्या खोलीच्या खिडकीबाहेरील कठड्यावर नेऊन ठेविली.

जमिनींतील झाड मुळें लांबवून अन्न शोधतें. कुंडींतल्या रोपास घागरभर मातीपलीकडे जग नाहीं. आपण जें घालूं तें त्यास मुकाट्यानें सोसावें लागतें. युरियांत शेंकडा 46 भाग नत्र असतें, तेव्हां एक चमचाहि एवढ्याशा मातीस जड. साठलेले क्षार मुळांस पाणी ओढूं देत नाहींत, म्हणून ओल्या मातींतहि पानें करपतात. अशा वेळीं खत बंद करावें आणि मातीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून खालच्या भोंकांतून वाहूं द्यावें. चौथें रोप याच धुण्यानें वांचलें.

उलट, रोजच्या पाण्याबरोबर कुंडींतील अन्न थोडें थोडें वाहून जातें, हेंहि खरें. म्हणून खत थोडें, पण ठराविक दिवशीं द्यावें. आम्ही आतां पंधरा दिवसांनीं मूठभर गांडूळखत घालतों. पेंड भिजविलीच, तर तिचें पाणी दहापट पातळ करतों. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन, कुजवूनच घालावा. नाहींतर मुंग्या येतात. नत्र फार झालें कीं झाड पानांतच रमतें, फुलें विसरतें, आणि त्याच्या कोंवळ्या रसाळ शेंड्यांवर मावा तुटून पडतो. पत्रलेखिका भगिनींची दोन्ही दुखणीं अशीं एकाच मुळाचीं आहेत. त्यांनीं औषध शोधण्याआधीं खत थांबवावें, आणि कुंड्यांस दिवसाकांठीं सहा तास ऊन मिळतें कीं नाहीं तें पाहावें.

माव्यास पहिला उपाय साध्या पाण्याचा. सकाळीं पानांच्या खालच्या अंगावर जोराची धार मारावी. तेवढ्यानें न हटल्यास लिंबोळ्यांची 50 ग्रॅम पूड लिटरभर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, किंचित् साबण मिसळून फवारावी. लिंबोळींतील कडू द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, 1968 सालीं शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें. तें उन्हानें लवकर निकामी होतें, यास्तव फवारणी सायंकाळीं करावी. जाऊबाईंची धाकटी तीन वर्षांची आहे. पिकला टोमॅटो दिसला कीं तोडून तसाच तोंडांत घालते. जहाल औषधांच्या बाटलीवर फवारणीनंतर किती दिवस फळ खाऊं नये हें छापलेलें असतें, पण तें तिला कोण वाचून दाखविणार?

फवारण्यापूर्वीं पान जरा निरखावें. काळसर, नारिंगी ठिपक्यांची, दिसावयास ओंगळ अशी अळी माव्यांत फिरत असेल, तर ती बहुधा ढालकिड्याचें पिलूं. मावा खाणें हाच तिचा उद्योग. मीं अशा कित्येक चिरडल्या आहेत! वांग्याचा शेंडा एकाएकीं माना टाकूं लागला, तर मात्र आंत पोखरणारी अळी आहे. सुकलेल्या भागाच्या खालीं कापून तो नष्ट करावा. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर रोपच उपटावें, कारण पांढरी माशी तो रोग शेजारीं नेते. टोमॅटोचें बूड काळें पडणें हें बहुधा अनियमित पाण्याचें फळ. त्यावर औषध मारून उपयोग नाहीं.

कठड्यावरील झाडास यंदा अकरा वांगीं आलीं. दहांची भाजी झाली. अकरावें पिवळें पडेपर्यंत झाडावरच राहावयाचें आहे. त्यास कोणीं हात लावूं नये म्हणून सासूबाईंनीं देंठास लाल दोरा बांधला आहे, आणि शेजारीं एक पाटी ठेवून तीवर खत घातल्याची तारीख आम्हां सर्वांस लिहावयास लावली आहे.