पाण्याचें घर कोणीं घेतलें ?

चोर सोडून संन्याशास फांशी ही म्हण आमच्या लोकांस नवी नाहीं. वसईच्या पुराबद्दल दरसाल जी चर्चा चालते ती ऐकली कीं आम्हांस तिची आठवण होते. पाणी ओसरलें, घरांतला गाळ उपसून झाला, कीं चौकशी सुरू होते आणि गुन्हेगार म्हणून एकटा ढग पकडून आणला जातो. ढगाला बिचाऱ्याला वकील नाहीं आणि मतही नाहीं. तेव्हां त्याच्यावर आरोप ठेवण्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं.

वालीवच्या नाक्यावर या प्रश्नाचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, “जगाचें हवामान बदललें, त्याला महानगरपालिका काय करणार ?” दुसरा म्हणतो, “हवामान-बदल हें शिकलेल्यांचें थोतांड. पाऊस आमच्या आजाच्या वेळींही पडत होता.” आमच्या मतें दोघेही अर्धें बोलतात, आणि दोघांच्या अर्ध्या बोलण्याचा फायदा तिसराच घेतो.

हवामान बदललें हें खरें आहे. कोळसा व तेल जाळल्यानें निघणाऱ्या वायूंनीं पृथ्वीची हवा तापली. तापलेली हवा दर अंशामागें सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरते. १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिपटीनें वाढले, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासांत दिसून आलें. हें थोतांड नव्हे. पण शेतकरी बंधूंनो, एकच पाऊस शेजारशेजारच्या दोन आळ्यांवर सारखा पडतो. त्यांतली एक बुडते, दुसरी कोरडी राहते. हा भेदभाव आकाशानें केला काय ?

तुंगारेश्वराच्या डोंगरावरचें पाणी ओढ्यानाल्यांनीं आमच्या बाजूस उतरतें आणि शेवटीं खाडीस मिळतें. परंतु खाडी कांहीं आठही प्रहर दार उघडें ठेवून बसलेली नाहीं. भरती चढली कीं ती पाणी घेत नाहीं. उधाण असलें तर उलट आपलेंच पाणी आंत पाठविते. भरतीपासून ओहोटी पुरी होण्यास सुमारें सहा तास लागतात. तेवढा वेळ पाण्यानें थांबावें कोठें ? आमच्या वाडवडिलांनीं याचें उत्तर करून ठेवलें होतें. भाताचीं खाचरें, गांवचीं तळीं, खाजणें आणि मिठागरें हें पाण्याचें घर होतें. भाताचें रोप कांहीं दिवस पाण्यांत तग धरतें. डब्यांतलें पीठ एक रात्रही धरीत नाहीं. त्या घरांत आज दगडमातीचा भराव पडला, त्यावर गाळे आणि इमारती उभ्या राहिल्या, आणि बेघर झालेलें पाणी आमच्या घरांत राहावयास आलें.

जुलै २०१८ मध्यें रुळांवर पाणी चढून वसई-विरारची रेल्वे बंद पडली व मिठागराच्या वस्तींतील शेंकडों माणसें अडकून पडलीं. त्यानंतर महानगरपालिकेनें पुराचीं कारणें शोधण्याचें काम मुंबईची आय.आय.टी. आणि ‘नीरी’ या संस्थांकडे दिलें. त्यांनीं सुचविलेल्या उपायांत मुख्य उपाय काय, तर पाणी धरून ठेवणारे तलाव ! म्हणजे जें काम खाचर फुकट करीत होतें, तें आतां पैसे मोजून करून घ्यावयाचें. आम्हांस त्या विद्वानांचा राग नाहीं; त्यांनीं आमच्या आजाचेंच म्हणणें खरें ठरविलें.

आतां कायदा पाहूं. केंद्र सरकारनें २०१७ सालीं पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं नियम केले. त्यांत पाणथळ जागा कोणत्या हें सांगतांना भातखाचरें वगळलीं आणि मीठ पिकविण्यासाठीं केलेलीं आगरेंही वगळलीं. ज्यांच्यावर वसईच्या पावसाचा सारा भार, तींच दोन या नियमांच्या पंगतींत बसत नाहींत. इकडे २०२० पासून राज्य सरकारचें ‘माझी वसुंधरा’ अभियान चालू आहे. आम्ही शाळेंत मुलांकडून शपथ घेववितों, “मी पाणी जपेन, भूमी जपेन.” मुलें हात पुढें करून शपथ घेतात, आणि त्याच वेळीं शाळेच्या दारावरून भरावाची मोटार धूळ उडवीत जाते. तिला कोणी शपथ घालीत नाहीं.

पूर्वीं पीक बुडालें म्हणजे शेतकऱ्यास सांगत, बाबा, तुझें प्रारब्ध. शांत कर, दक्षिणा दे. महात्मा फुल्यांनीं हें सोंग उघडें पाडलें, आणि १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथांत, पावसाचें पाणी शेतांत मुरावें म्हणून सरकारनें बांधबंदिस्ती करावी असें बजावलें. पाण्याचा बंदोबस्त हें राज्यकर्त्यांचें काम आहे, दैवाचें नव्हे, हा त्याचा अर्थ. आज प्रारब्धाच्या जागीं हवामान-बदल आणून बसवितात. शब्द खरा, उपयोग खोटा. यंदा थंडी कडक पडणार असें कळलें तर शहाणा माणूस अंगावर आणखी एक घोंगडी घेतो. असलेली विकून टाकीत नाहीं. पाऊस वाढणार हें ज्या सरकारास ठाऊक आहे, त्यानें पाण्याची जागा वाढवावयाची कीं भरावासाठीं मोकळी सोडावयाची ?

दुसऱ्याकडे बोट दाखवून आम्हांस थांबतां येत नाहीं. नाल्याकाठचें आमच्या घरचें एक खाचर २००८ सालीं वडिलांनीं भराव घालून गाळ्यांसाठीं दिलें, व आम्हीं त्यास होकार दिला. भाडें आलें, बहिणीचें लग्न झालें. आज त्या गाळ्यांमागच्या चाळींत आमच्याच शाळेंतील मुलें राहतात. दर पावसाळ्यांत त्यांचीं दप्तरें आम्ही वर्गाच्या दोरीवर वाळत घालतों. एका मुलानें विचारलें, “गुरुजी, आमच्याच घरांत पाणी कां येतें ?” आम्हीं फळ्यावर बाष्पीभवनाचें चित्र काढलें. खरें उत्तर आम्हांस येत होतें. देण्याचें धैर्य झालें नाहीं. तें आज येथें देत आहों.

दंड कोण भरतो तेंही पाहा. शिंप्याचें यंत्र गंजतें, कुंभाराचा कच्चा माल विरघळतो. पिकाची मदत मिळण्यास सातबारा लागतो आणि नुकसान ३३ टक्के भरावें लागतें. खंडानें कसणाऱ्याच्या नांवावर उताराच नसतो. नालासोपाऱ्यांत सांडपाण्याच्या व कचऱ्याच्या कामासाठीं राखून ठेवलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या हुकुमानें नोव्हेंबर २०२४ पासून त्या पाडण्यांत आल्या. घर गेलें तें विकत घेणाऱ्या गरिबाचें.

हरित वसईची चळवळ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं उभी केली, तेव्हां आमच्या घरांत ती पश्चिमेकडच्या केळीच्या वाड्यांची गोष्ट समजली गेली. ती चूक पुन्हां नको. आमचें मागणें थोडें आहे. नाला, तळें व खाजण यांच्या हद्दी जुन्या गांव-नकाशावरून मोजून जागेवर दगड रोवावेत. उरलेलीं खाचरें आणि मिठागरें पाण्याची जागा म्हणून राखावींत, व तीं राखणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा मोबदला द्यावा. आणि आपल्या लोकांनीं माहितीच्या अधिकारांत दहा रुपये भरून आपापल्या आळीच्या नाल्याचा नकाशा मागवावा.

आम्हीं आमच्या गाळ्यांमागच्या नाल्यासाठीं अर्ज केला आहे. नकाशांत आमचीच भिंत आडवी निघाली तर ती प्रथम पडेल.