मनाचं दुखणं आपल्या बोलीत ऐका



अंगात ताप भरला की आपण आरोग्य केंद्र गाठतो. मन बिघडलं की मात्र वेवजीपासून डहाणूच्या जंगलपट्टीपर्यंत पुष्कळ घरांतली माणसं आधी भगताकडे जातात. साहेबलोक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. पण माणूस तिथे का जातो, हे कुणी विचारलं का? भगत त्याच्या बोलीत बोलतो. घरच्यांना समोर बसवून ऐकून घेतो. त्याचे देव, त्याचं कूळ त्याला ठाऊक असतं. दवाखान्यात गर्दी, आणि प्रश्न पुस्तकी. 'नैराश्य वाटतं का?' असं विचारल्यावर वारली आजी काय सांगणार? ती म्हणते, डोकं जड झालंय, छाती धडधडते, भात गोड लागत नाही. मग ताकदीच्या गोळ्या घेऊन ती घरी परतते. खरं दुखणं तसंच राहतं.

आणि दुखण्याला कारणं काय थोडी आहेत? नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा भर थंडीत माणसं घराबाहेर झोपली. भात कापून झाला की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली आपली पोरं पाकिस्तानच्या तुरुंगात अडकली. मागे राहिलेल्या बायकोच्या मनाची विचारपूस कोण करतं?

हे काम गावातल्याच माणसांनी करता येतं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, पेठ या आदिवासी तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' हा प्रकल्प झाला. तिथे गावातलीच माणसं निवडून त्यांना ऐकून घेण्याचं, धीर देण्याचं आणि गरज पडली तर पुढे पाठवण्याचं शिक्षण दिलं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि डॉक्टर मिळून काम करतात. दुआ सोडायला कुणी सांगत नाही, पण सोबत दवाही मिळते. दर्ग्यात हे जमतं, तर पाड्यावर का जमू नये?

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. देवाला नारळ द्या, हरकत नाही. पण भूत काढण्याच्या नावाखाली कुणाला मारणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. एखाद्या बाईला भुताळी ठरवून छळणं हाही गुन्हाच. तिथे रीतभात म्हणून गप्प बसू नका.

पोलीस पाटलांनी दुसरा कायदाही ध्यानात ठेवावा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा; तो मे २०१८ पासून लागू आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस मोठ्या ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला उपचार द्यायचे, असं त्याचं कलम ११५ सांगतं. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं अशी बाब लपवू नका. माणूस आधी दवाखान्यात न्या.

आता करायचं काय? ग्रामसभेत हा विषय घ्या. प्रत्येक पाड्यावर वारली बोलणारी, पोटात गोष्ट ठेवणारी एक बाई आणि एक बाप्या निवडा. त्यांना शिकवण्याची मागणी ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा. भगतालाही बैठकीला बोलवा. झोप उडालेला, जेवण टाकलेला, मरणाच्या गोष्टी बोलणारा माणूस दिसला तर तो दवाखान्यापर्यंत पोचवायचा, एवढा शब्द त्याच्याकडून घ्या. घरात कुणी उदास असेल तर फवारणीचं औषध कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. बोली अडली तर आशाताईनं शेजारी बसून सांगावं.

डॉक्टर तालुक्याला आहे, भगत पाड्यावर आहे. दोघांमधली वाट गावानंच पाडायची आहे. येत्या ग्रामसभेत पहिला ठराव कोणतं गाव करतं, ते आम्हाला कळवा.