तपासणीच्या अलीकडे

महिला दिन आला की अनेक कार्यालयांत आरोग्य शिबिर भरते, स्तनांच्या कर्करोगावर व्याख्यान होते, तपासणीसाठी नावे नोंदविली जातात. उपक्रम स्तुत्यच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमधील या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले.

तथापि तपासणी रोग लवकर शोधते, तो होण्याचा धोका कमी करीत नाही. विमा उतरविल्याने अपघात टळत नाही, हे बँकेच्या ग्राहकास वेगळे सांगावयास नको. धोका कमी करण्याचे काम वर्षाच्या उरलेल्या दिवसांत होते आणि त्यातील बराचसा भाग कार्यालयाच्याच हाती असतो.

वाढते वय, आनुवंशिकता, पाळी लवकर येणे वा उशिरा थांबणे यांवर कोणाचा इलाज नाही. रजोनिवृत्तीनंतरचे वाढते वजन, बैठी दिनचर्या आणि मद्यपान यांवर मात्र आहे. (थोडेसे मद्य निर्धोक असते, हा समज सोयीचा असला तरी खरा नव्हे.) जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. दिवसभर काउंटरमागे बसून, गर्दीतून घरी पोहोचून, पुन्हा ओट्याशी उभ्या राहणाऱ्या स्त्रीने ही मिनिटे कोठून आणावीत, हा प्रश्न व्याख्यात्यास सहसा कोणी विचारीत नाही.

स्तनपानाचे उदाहरण अधिक बोलके आहे. ३० देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. सर्व अपत्यांचे मिळून स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे या रोगाचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. ज्या मातेस स्तनपान जमले नाही, तिने यावरून स्वतःस दोष देण्याचे कारण नाही. पण जिची इच्छा आहे तिला कार्यालयच अडवीत असेल, तर दोष कोणाचा?

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. त्यापुढचे महिने कार्यालयात जातात. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत मातेस दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी अवकाश द्यावा, ही तरतूद तर १९६१ च्या मूळ कायद्यातच होती. किती शाखांत तो कोणी मागितला असेल? समोर रांग असता मागणे अवघड, आणि मिळाला तरी बसावयाचे कोठे? जुन्या दप्तरांच्या खोलीत, की प्रसाधनगृहात?

पाळणाघराचे बंधन ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना आहे. लहान शाखेस ते झेपणार नाही, हे मान्य. परंतु आतून कडी लावता येईल अशी एक खोली, काढलेले दूध ठेवण्यास लहानसा फ्रिज आणि तेवढा वेळ काउंटर सांभाळणारा एक सहकारी, एवढे जमण्यासारखे आहे. रांगेतील ग्राहकानेही ‘मॅडम गेल्या कोठे?’ असे विचारण्याआधी थोडे थांबावयास हरकत नसावी.