दांतांच्या तारा व आपला उपहास

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एक मुलगी उत्तर देतांना तोंडावर हात धरीत असे. "स्पष्ट बोल," म्हणून आम्ही तिला दोनदां रागें भरलों. पुढें कळलें कीं, तिच्या दांतांस नुकत्याच तारा बसविल्या होत्या व कांहीं मुलें तिला त्यावरून चिडवीत होतीं. आमचा राग अस्थानीं होता, हें कबूल करून चार शब्द लिहीत आहों.

दांतांस तारा बसविणें हा नटवेपणा आहे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो उपचार आहे. दांत हा भिंतींतील खिळ्याप्रमाणें हाडांत ठोकलेला नसतो. दांताचें मूळ व हाड यांच्यामध्यें बारीक तंतूंचें आवरण असतें. दांतांवर चिकटविलेल्या लहान ब्रॅकेटांतून जाणारी तार दांतांवर सौम्य परंतु अखंड जोर लावते. ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड हळूहळू विरतें. ज्या बाजूस ताण पडतो तेथें नवें हाड भरून येतें. अशा रीतीनें दांत महिन्यास सुमारें एक मिलिमीटर सरकतो. म्हणून बहुधा दीड-दोन वर्षें लागतात. अधिक जोर लावल्यानें काम लवकर होत नाहीं. उलट मुळांस अपाय होतो. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनीं १९२८ सालीं मांडलेली चौकोनी खांचेची पद्धति आजहि पायाभूत आहे. पुढें तिला निकेल व टायटॅनियम यांच्या लवचिक तारांची जोड मिळाली.

एकमेकांवर चढलेले दांत नीट घासतां येत नाहींत. त्यांत अन्नकण अडकून कीड लागते व हिरड्या सुजतात. पुढें आलेले दांत खेळतांना पडल्यास सहज तुटतात. हे त्रास टळावे, हाच या उपचाराचा मुख्य लाभ. मुखाची शोभा ही त्यामागून येते. मात्र तारा असेतों घासण्याची दुप्पट काळजी घ्यावी, ऊस व चिक्की दूर ठेवावी, आणि तारा निघाल्यावर सांगितले तितके दिवस रिटेनर वापरावा. नाहींतर दांत जुन्या जागीं परतूं पाहतात.

पालकांस मुलीच्या लग्नाच्या वेळीं तिच्या दांतांची आठवण होते. मुलाच्या दांतांची तर तेव्हांहि होत नाहीं. हा उपचार प्रौढांसहि करतां येतो. परंतु पक्के दांत येऊन जबडा वाढत असतो, तें शाळेचें वय अधिक सोयीचें. प्रत्येक वांकड्या दांतास तार हवीच असें नाहीं. तो निर्णय तज्ज्ञाचा आहे. खर्चाच्या भीतीनें थांबलेल्या पालकांनीं नागपुरांतील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. तें १९६८ पासून चालूं आहे व तेथें या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या मिहानांतील एम्स ११ डिसेंबर २०२२ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें. तेथेंहि दंतविभाग आहे.

विद्यार्थी मित्रहो, वैद्य दोन वर्षें धीर धरून जें काम करितो, तें तुमच्या एका टोमण्यानें अर्धवट सुटूं शकतें. ज्याच्या पायास प्लास्टर आहे त्यास आपण हंसत नाहीं; मग तारांस कां हंसावें? त्या मुलीच्या तारा अजून निघाल्या नाहींत. पण चिडविणें थांबल्यापासून ती हात खालीं ठेवून धडा वाचते, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकूं येतें.