विटाळ आणि विलगीकरण

शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर आधी १४ दिवस घरी वेगळे राहावे, असा सल्ला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सप्टेंबर २०२० मध्ये दिला. 'वेगळे' हा शब्द आमच्या माणसाच्या जिव्हारी लागतो, यात नवल ते काय? परंतु विटाळाला ना तपासणी होती, ना मुदत. कोरोनाच्या विलगीकरणाला दोन्ही होत्या. शिवाय ते सावकारालाही तितकेच लागू होते. लक्षण नसलेला संसर्ग घेऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणे रोग्याच्या फुप्फुसांना घातक, परिचारिकेलाही घातक. तेव्हा या सल्ल्याशी आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते खोलीचे! गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवणीला जाणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या बाईने वेगळी खोली आणावी कोठून? जेथे विड्या वळावयाच्या तेथेच चूल, तेथेच लेकरे निजावयाची. आणि १४ दिवसांची मजुरी कोणी द्यावयाची? शासनानेच, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

त्याच सल्ल्यात असेही म्हटले होते की, तपासणी झाली नाही म्हणून प्रसूती वा तातडीची शस्त्रक्रिया लांबवू नये. तपासणीची सोय नाही म्हणून गरोदर स्त्रीला दुसरीकडे धाडू नये. हे सालेकसा-देवरीच्या प्रत्येक दवाखान्याच्या दारावर ठळक अक्षरांत लावावयास हवे होते. सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा संविधानाच्या २१ व्या कलमाचा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच दिला आहे. पुन्हा साथ आली आणि कोणी दारातून परतवू लागले, तर बंधुभगिनींनो, तो नकार लेखी मागा.