जनुकाला गप्प करणारे औषध


अंबरनाथ पश्चिमेला आमच्या मागच्या चाळीत आठ वर्षांचा एक मुलगा आहे. जमिनीवरून उठताना तो स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येतो. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, पण ताकद नाही. डॉक्टरांनी ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे निदान केले आहे. सासू म्हणते, सुनेच्या माहेरचा दोष. परवा ती माऊली पेपरचे कात्रण घेऊन आली. "भाऊ, जनुक गप्प करणारं औषध निघालंय म्हणे. आमच्या पोराला चालेल का?"

मी डॉक्टर नाही, कारकून आहे. विचारून, वाचून समजले ते सांगतो.

जनुक म्हणजे मूळ फाईल. पेशी तिची नक्कल काढते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार करते. मूळ फाईलच चुकीची असेल, तर घातक प्रथिन तयार होते. अशा वेळी नक्कल वाटेतच फाडून टाकायची, हे या औषधाचे काम. फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ साली एका बारीक किड्यात नक्कल नष्ट करण्याची अशी एक रीत दाखवली. २००६ साली त्यांना नोबेल मिळाले. २०१८ साली अमेरिकेत हातापायांच्या नसा निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक रोगावर पॅटिसिरान मंजूर झाले. २०२३ साली एएलएस रोगाच्या एका आनुवंशिक प्रकारावर टोफर्सेन आले. ते पाठीच्या कण्यातून देतात.

पण या मुलाचे दुखणे उलटे आहे. त्याच्या स्नायूंत डिस्ट्रोफिन हे आवश्यक प्रथिन तयारच होत नाही. जे कमी आहे, ते गप्प करून काय मिळणार? म्हणून कात्रणातले औषध त्याच्यासाठी नाही. हे सांगताना माझा जीव खाली-वर झाला.

तरी हात बांधून बसू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइड, नियमित व्यायाम आणि हृदयाची तपासणी यांनी चालते दिवस वाढतात. परळचे केईएम रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली दुर्मिळ आजारांचे केंद्र आहे. यादीतील आजारांना ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. तिथे चौकशी करा. २०१६ च्या कायद्याने हा आजार अपंगत्वात धरला आहे, म्हणून दाखला काढा.

आणि सुनेला बोल लावू नका. कित्येकदा हा बदल मुलातच नव्याने होतो. आईकडून आला, तरी तो तिचा गुन्हा नव्हे. बाबा-बुवाला द्यायचे पैसे लोकलच्या तिकिटाला ठेवा.